तेवीस लिटरचा बंब

१७ मे २०२४ ला आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे, अमेरिकेत डेन्व्हरला, उतरणार होते आणि २५ तारखेला आम्ही पाच जण गाडीमागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, लावून ग्रँड कॅन्यनकडे निघणार होतो. बाबांचा नियम साधा आहे: आंघोळ झाल्याशिवाय चहा नाही, आणि चहा सहाला. साखर कारखान्यात बॉयलरवर पस्तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस. वेळेच्या बाबतीत त्यांच्याशी घासाघीस चालत नाही. आणि ४ मे रोजी माझ्या ट्रेलरच्या गरम पाण्याच्या नळाला जे येत होतं ते गुलाबी होतं आणि बर्फासारखं गार होतं.

ट्रेलर आम्ही ऑक्टोबर २०२३ मध्ये एका डीलरकडून घेतला. जुना, २०१६ चा, चोवीस फुटी, १३,५०० डॉलर. कोलोरॅडोत नोंदणीला ६० दिवस मिळतात. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, डीलरकडून काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मोटार वाहन कार्यालयात पोहोचायलाच पाच आठवडे लागले, मग एक दिवस सुट्टी काढून विक्रीकर भरला आणि नंबरप्लेट घेतली. तो भाग कंटाळवाणा असला तरी सरळ होता. चूक आधीच झाली होती. ट्रेलर दाखवताना विक्रेत्यानं चाळीस मिनिटं सगळं उघडून-मिटून दाखवलं, पण पाणी चालू करून दाखवलं नाही. 'विंटराइज' केलाय म्हणाला. म्हणजे थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून टाकी रिकामी करून नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरलेलं. मला ते पटलं. पुढे कुणी हिवाळ्याच्या तोंडावर असा ट्रेलर घेणार असेल तर पाणी तापवायचा हीटर गॅसवर आणि विजेवर, दोन्हीवर चालवून दाखवल्याशिवाय सही करू नका. त्यांना अँटीफ्रीझ परत भरायला लागेल, लागू दे. दोन-तीन गॅलनचा प्रश्न असतो.

इथं हीटरबद्दल थोडं सांगतो, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. बहुतेक मध्यम ट्रेलरमध्ये सहा गॅलनची टाकी असते, म्हणजे जेमतेम तेवीस लिटर. आमच्या सांगलीच्या घरात न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता, त्यातही साधारण एवढंच पाणी मावायचं. ट्रेलरच्या टाकीला दोन चुली: एक प्रोपेन गॅसचा बर्नर, ताशी १२,००० बीटीयू उष्णता देणारा, आणि दुसरं १,४४० वॅटचं विजेचं एलिमेंट. कडाक्याचं गार पाणी आंघोळीलायक तापायला नुसत्या विजेवर पाऊण-एक तास, गॅसवर पंचवीस-तीस मिनिटं, दोन्ही एकदम लावले तर वीसच्या आत.

डेन्व्हरला मेच्या सुरुवातीपर्यंत पाणी गोठायची भीती असते म्हणून मी ४ मेचा शनिवार धरला. ड्राइव्हवेत ट्रेलर उभा, घरच्या नळाला पांढरा होज, घरातून ओढलेली वीज. एकेक नळ सोडून गुलाबी पाणी जाऊ दिलं. बाहेरच्या बाजूला एक छोटा हात-शॉवर असतो, पाय धुवायला वगैरे, त्याचेही दोन्ही नळ उघडले. स्वच्छ पाणी आल्यावर हीटरचं विजेचं बटण दाबलं आणि आत कपाटं पुसायला गेलो. तासाभरानं गरम नळ सोडला तर गारच. शिवाय परत गुलाबी झाक.

हीटरच्या मागे तीन झडपा असतात, त्यांना बायपास म्हणतात. विंटराइज करताना पाणी टाकीत न जाता परस्पर पुढे जावं अशी त्यांची रचना करतात. त्या तशाच होत्या. म्हणजे टाकीत थेंब नव्हता आणि मी त्यात एक तास वीज सोडली होती. एलिमेंट कोरडं तापलं की मिनिटांत जळतं.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं. तिला बायपास वगैरे काही कळलं नाही, पण मुद्दा बरोबर कळला. "बंबात पाणी नसताना जाळ घातलास होय रे? डाख सुटला असंल मग." लहानपणी हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. बंबात आधी पाणी, मग चिपाडं आणि करवंट्या; उलटं केलं तर डाख वितळून बंब गळायला लागतो आणि मग तांबटाकडे हेलपाटा. बाबा मागून फक्त एवढंच म्हणाले, "काचेत पाणी दिसल्याशिवाय आम्ही बॉयलरला हात लावत नव्हतो."

सोमवारी, ६ तारखेला, डीलरच्या सर्व्हिस खात्याला फोन केला. सगळ्यात जवळची तारीख १९ जून. मग आठवलं की आपण १,८०० डॉलर देऊन वाढीव सर्व्हिस काँट्रॅक्ट घेतलंय. त्यांच्या फोनवर सत्तेचाळीस मिनिटं संगीत ऐकलं. नंतर कळलं ते असं: आधी त्यांच्या मान्यतेच्या वर्कशॉपनं दोष शोधायचा, त्याचे १७५ डॉलर मी भरायचे, दावा मंजूर झाला तरच ते परत, मंजुरीच्या आधी स्क्रूसुद्धा उघडायचा नाही, आणि प्रत्येक दाव्यावर पहिले १०० डॉलर माझे. शिवाय पाचव्या पानावर लिहिलेलं की वापरणाऱ्याच्या चुकीमुळे झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. आणि चूक माझीच होती, त्यात वाद नव्हता. एलिमेंटची किंमत चोवीस डॉलर. मी दावा केलाच नाही. उलट काँट्रॅक्टच रद्द करायचा अर्ज दिला. तो थेट कंपनीकडे जात नाही, विकलेल्या डीलरमार्फतच जातो. सहीचा कागद, पावतीची प्रत, दोन ईमेल, तीन फोन. उरलेल्या मुदतीचे ११४० डॉलर जुलैच्या शेवटी आले. असा कागद तुमच्या कपाटात पडला असेल तर रद्द करायचं कलम वाचून ठेवा, ते बहुधा असतं.

घरी येऊन काम करणारे तंत्रज्ञ इथं मिळतात. गुरुवारी, ९ मेला, एक जण आला. यायचे १६० डॉलर, त्यात पहिला अर्धा तास. साठीचा, कमी बोलणारा माणूस. मल्टिमीटर लावून त्यानं एलिमेंट मेल्याचं दाखवलं. धडधाकट असेल तर साधारण दहा ओहम दाखवतं, माझं काहीच दाखवत नव्हतं. मग त्यानं टाकीखालचा मोठा बोल्ट काढला. तो काढण्याआधी हीटर बंद, पाणी बंद, टाकी गार झालेली, आणि वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा लोखंडी कान ओढून दाब सोडलेला हवा. एवढं पाळलं नाही तर उकळतं पाणी अंगावर येतं. बोल्टच्या मागे एक दांडी असते, अॅनोड म्हणतात. टाकी पोलादाची असेल तर गंज टाकीला लागण्याऐवजी या दांडीला लागावा म्हणून ती ठेवलेली. नवी दांडी अंगठ्याएवढी जाड असते. माझी बाहेर आली ती सायकलच्या तारेसारखी, अधेमधे पांढऱ्या गाठी, टोकाला तर नुसती तार. मागोमाग वाटीभर पांढरी कच पडली, अंड्याची टरफलं कुस्करल्यासारखी. त्यानं होज लावून टाकी धुतली तेव्हा अजून दोन वाट्या.

जाता जाता त्यानं गॅसची ज्योत बघितली. पिवळी, आळशी, वर काजळी. बर्नरच्या नळीत कोळ्यानं जाळं केलेलं. प्रोपेनच्या वासाला कोळी येतात म्हणे. बाटली धुवायचा ब्रश आत फिरवला आणि ज्योत निळी होऊन भप्प करून आवाज करायला लागली. एलिमेंट, अॅनोड, सफाई धरून २८५ डॉलर. त्यानं टाकीशिवायचा, पाणी जाता जाता तापवणारा नवा हीटर बसवायचं सुचवलं, बसवून सोळाशे डॉलर, "मग गरम पाणी संपणारच नाही." दोन रात्री मी त्यावर विचार केला. मग नोव्हेंबरमधलं बुकिंग आठवलं.

ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरच्या, म्हणजे दक्षिण कड्यावरच्या, मेदर कँपग्राउंडची जागा सहा महिने आधी खुली होते. २८ नोव्हेंबरला सकाळी आठला मी लॅपटॉपवर आणि बायको फोनवर अशी बसून तीन रात्री मिळवल्या होत्या. पण मेदरला हूकअप नाहीत. वीज, पाणी, सांडपाणी, कशाचीच जोडणी नाही. शेजारच्या ट्रेलर व्हिलेजला आहेत, तिथं जागा मिळाली नाही. म्हणजे तीन दिवस आपल्या टाकीतलं दीडशे लिटर पाणी, आणि त्याहून वाईट म्हणजे शॉवर-बेसिनचं सांडपाणी साठवायची ग्रे टँक फक्त तीस गॅलनची, एकशे तेरा लिटर. गरम पाणी न संपणारा हीटर लावला असता तर पहिल्याच दिवशी ग्रे टँक भरली असती. सोळाशे डॉलर वाचले.

शनिवारी ११ तारखेला मी स्वतः शॉवर घेऊन बघितला. दीड मिनिट झकास, मग कोमट, मग गार. सहा गॅलन असले तरी बेतानं वापरल्यास चार मिनिटं तरी टिकायला पाहिजेत. थर्मोस्टॅट खराब म्हणून मी नवा मागवला, एकतीस डॉलर. तो अजून खोक्यात आहे.

आई-बाबा आले. झोपेचं गणित उलटं असल्यामुळे शनिवारी-रविवारी कुठे लांब न जाता आम्ही डेन्व्हरजवळच्या ऑरोरातल्या चेरी क्रीक स्टेट पार्कात रंगीत तालीम म्हणून एक रात्र ट्रेलर लावला. तिथं सगळे हूकअप आहेत, कुणाच्या तरी रद्द झालेल्या बुकिंगमुळे जागा मिळाली. पहाटे साडेतीनला आई उठून बसली होती. प्यायला पाणी घ्यावं म्हणून तिनं गार नळ सोडला.

"हे गार नळाचं पाणी कोमट कसं रे?"

मी अर्धवट झोपेत म्हणालो, होज उन्हात तापला असेल. पहाटे साडेतीनला! बाबा उठले, चष्मा लावला, बेसिनखालचं कपाट उघडलं आणि एक हात गरम नळीवर, एक गार नळीवर ठेवून उकिडवे बसले. मग टॉर्च घेऊन बाहेर गेले. मी मागे. नळ्यांचा माग काढत काढत ते बाहेरच्या हात-शॉवरपाशी थांबले. त्याचे दोन्ही नळ पूर्ण उघडे होते. ४ तारखेला अँटीफ्रीझ काढताना मी ते उघडले आणि शॉवरच्या मुठीवरचं बटण दाबून 'बंद' केलं होतं. पाणी बाहेर पडत नव्हतं, पण आतल्या आत गार आणि गरम नळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. आतला शॉवर लावला की इकडून गार पाणी गरम नळीत शिरायचं.

"विसण इथनं पडतंय," बाबा म्हणाले.

दोन नळ बंद केले, वीस मिनिटं थांबलो, हात धरवेना इतकं गरम. ज्यांचं पाणी कोमटच्या पुढे जात नाही त्यांनी पैसे खर्च करण्याआधी बाहेरचा शॉवर बघावा. आतल्या शॉवरच्या मुठीवर पाणी थांबवायचं बटण असतं, ते दाबून खालचे दोन्ही नळ उघडे ठेवले तरी हाच घोटाळा होतो. त्या पहाटे अजून एक धडा मिळाला. उत्साहात हीटर विजेवर ठेवून मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली एकदम लावली आणि सगळा ट्रेलर अंधारात. तीस अँपिअरच्या जोडणीत एकट्या हीटरचं एलिमेंटच बारा खातं. आंघोळीच्या वेळी हीटर गॅसवर टाका, वीज चहाला राहू द्या.

२५ मेला निघालो. आयझेनहॉवर बोगद्याची चढण अकरा हजार फुटांच्या वर जाते. मागे अडीच टन ओढत ती चढताना कुणीच बोलत नव्हतं. वाटेत मोआबला दोन रात्री, पेजला एक, दोन्हीकडे हूकअप. तिथं एकामागून एक आंघोळी निवांत झाल्या, दोघांच्या मध्ये वीस मिनिटांचं अंतर ठेवून. लेकीला सर्वात शेवटी पाठवायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

मेदरला २८ ला दुपारी पोहोचलो. सात हजार फुटांवरची जागा, मेअखेरीलाही रात्री स्वेटर, टोपी आणि दोन पांघरुणं. टाकीतलं पाणी हाताला झोंबत होतं. आईनं शॉवरच्या खोक्याकडे बघितलं, दोन फूट बाय तीन फूट, आणि म्हणाली, "बादली नाही का तुझ्याकडे?" होती. रंगकामाची नारिंगी बादली, ट्रेलर धुवायला घेतलेली. नवीकोरी होती म्हणून बरं. तांब्या तिनं सांगलीहूनच आणला होता, पितळी, स्वेटरात गुंडाळून. प्लॅस्टिकचं बसकं स्टूल शॉवरमध्ये ठेवलं, आणि साडेपाचला मी गॅसचं बटण दाबलं. टिक-टिक-टिक, भप्प.

पंचवीस मिनिटांनी पहिली बादली. नळीतलं सुरुवातीचं गार पाणी पातेल्यात धरलं, ते चहाला. मग सात लिटरभर गरम आणि वर विसण, दहा लिटर. बाबा सहाला आंघोळ करून बाहेर, अंगातून वाफा निघतायत, चहा हातात. तापलेल्या एका टाकीत अशा तीन बादल्या सहज होतात. त्यानंतर आत आलेलं गार पाणी जाणवायला लागतं. मग पंचवीस मिनिटं दम धरायचा आणि उरलेल्या दोन. यातली युक्ती एवढीच की गरम पाणी थोडं थोडं न घेता बादली एका दमात भरून नळ बंद करायचा. मीटरसारखं मोजता येतं हेही एक सुख आहे. शॉवरखाली उभं राहिल्यावर किती गेलं ते कळतच नाही.

पन्नास लिटरमध्ये पाच आंघोळी. दुसऱ्या दिवशी पाणी वाचवायला मी, बायको आणि लेक कँपग्राउंडजवळच्या नाण्यांच्या शॉवरला गेलो. तिथं जाताना खुर्दा बरोबर न्या आणि साबण आधी हातात घेऊन मगच नाणं टाका. आई काही आली नाही. "सार्वजनिक न्हाणीघरात मी नाही जायची," एवढ्यावर विषय संपला.

तिसऱ्या दिवशी पहाटे हीटर पेटेना. टिक-टिक तीनदा झाली आणि लाल दिवा लागला. बंद करून पुन्हा चालू केला, परत लाल. गॅस संपला असं वाटून मी अंधारात सिलिंडर हलवून बघत होतो, तर जड. कारण वेगळंच होतं: रात्री थंडीसाठी फर्नेस (आतली हवा तापवणारं यंत्र) लावलेला, त्याच्या पंख्यानं बॅटरी पिऊन टाकली होती, आणि गॅसचा हीटरसुद्धा ठिणगीसाठी बॅटरीच वापरतो. गाडी चालू करून ट्रेलरची वायर जोडली आणि अर्धा तास बॅटरीला पाजलं. ज्यांच्या गाडीतून अशी चार्जिंगची वायर जात नाही त्यांनी जनरेटर ठेवावा, पण तो ठरलेल्या वेळेतच चालवता येतो आणि त्या वेळेत पहाटेचे साडेपाच बसत नाहीत. बाबांचा चहा त्या दिवशी पावणेसातला झाला. ते काही बोलले नाहीत, घड्याळाकडे एकदा बघितलं.

निघायच्या सकाळी आई आंघोळीला बसली आणि दोन तांबे घेतल्यावर ओरडली, "अरे, पाणी वर येतंय!" ग्रे टँक तुडुंब झाली होती. शॉवरच्या जाळीतून साबणाचं, कालच्या भांड्यांच्या तेलाचं, करड्या रंगाचं पाणी वर येऊन तिच्या पावलांभोवती तळं करून उभं राहिलं होतं, आणि त्यावर पोह्यातलं एक कढीपत्त्याचं पान तरंगत होतं. भांडी कागदी वापरायची हे ठरलं होतं, पण कढई कागदी नसते. मी फळकुटासारखा लेव्हलिंगचा ठोकळा एका चाकाखाली सरकवून ट्रेलर कलता करायचा विचार केला, बाबांनी तो हाणून पाडला. शेवटी तांब्यानंच पाणी उपसून काळ्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे संडासात ओतलं. तिथं जागा होती. आईनं आंघोळ उरकली ती अर्ध्या बादलीत. सांडपाणी ओतायच्या डंप स्टेशनवर चार गाड्या पुढे होत्या. चाळीस मिनिटं लागली.

त्यांना परत सोडून आल्यावर मी एक काम केलं: हीटरच्या विजेच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली, ती काढल्याशिवाय बटण दाबता येत नाही. १२ ऑक्टोबरला पुन्हा विंटराइज केलं, या वेळी स्वतः. दोन गॅलन अँटीफ्रीझ पुरलं. बोल्ट काढला तर अॅनोड अजून करंगळीएवढा होता आणि कच चमचाभर निघाली. बायपासच्या तिन्ही झडपांवर मार्करनं बाण काढले. बाहेरच्या शॉवरचे नळ बंद करून आलो, आत जेवायला बसलो, आणि उठून परत एकदा बघून आलो. नारिंगी बादली शॉवरमध्ये पालथी घातलीय, तांब्या तिच्याखाली आहे. आई नेताना विसरली की मुद्दाम ठेवून गेली, ते विचारायचं राहिलंय.